नानांची मोटारसायकल जिथे पोहोचत नाही

परदेशात शिकायला गेलं की डिग्री मिळायची तेव्हा मिळते, किस्से मात्र निघायच्या आधीपासूनच गोळा व्हायला लागतात. आम्ही बोदवडजवळचे, केळी-कापूसवाले. आमच्या घरातून तर ते ट्रॉली भरून निघतात!

सुरुवात अर्थात नानांपासून. नाना म्हणजे माझे वडील. जर्मनीत ॲडमिशन मिळाली असं मी सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुन्याले जाय, नागपूरले जाय. जिथी मी मोटारसायकलवर येऊ शकत नही, तिथी कशाले जाते?"

आणि माझ्याशी बोलणंच बंद!

तेव्हापासून आमचा सगळा कारभार आईमार्फत. शेजारी जेवायला बसूनही, "तुझ्या पोरीले सांग, वरण वाढ." एकदा आई बाजारात गेली होती. नाना गोठ्यात, मी दारात. झाली पंचाईत! शेवटी नाना म्हशीकडे बघून म्हणाले, "तिले सांग, मोटर बंद कर."

मी मोटर बंद केली. म्हशीचा निरोप कसा टाळणार? तेव्हा खूप हसले मी. पण निघण्याआधी नानांनी एकदा तरी स्वतःच्या तोंडाने 'जाय बरं' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

*

बॅग भरायला आत्या आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात आणि सगळे घाबरतात. काळा मसाला, उडदाचे पापड, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ... बॅग फुगून टम्म! वजन करायचं कुठे? घरच्या काट्याला एवढी बॅग पेलेना. मग अक्कांनी ती केळीच्या वजनकाट्यावर नेली.

काटेवाले भाऊ तीस वर्षं घड मोजतायत. "बसते बरोबर, काही काळजी करू नका," म्हणाले. आम्ही निर्धास्त.

मुंबईच्या विमानतळावर बॅग दोन किलो जास्त भरली! आईने तिथूनच फोन लावला. भाऊ शांतपणे म्हणाले, "मंग बरोबर हाये ना. दोन किलो दांड्याचे कापले मी!"

घडाच्या वजनातून दांड्याचं वजन कापायची सवय. बॅगेचाही कापला! शेवटी पुस्तकं आईबरोबर घरी परत गेली. मसाला जर्मनीला गेला. नाना विमानतळावर आलेच नव्हते.

*

हॉस्टेलमध्ये रूममेट मिळाली पिंपळनेरची, वैशाली. दोन जिल्ह्यांच्या दोन बोल्या, पण भरीत दोघींचं एकच. गॅसवर भाजलेलं वांगं म्हणजे तिच्या मते पेशंटचं जेवण! भरीत कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच, म्हणजे पऱ्हाटीवरच भाजायचं. आता जर्मनीत पऱ्हाटी कुठली? आम्ही हॉस्टेलमागच्या झाडांखालच्या काटक्या गोळा केल्या आणि पेटवल्या.

असा काही धूर झाला की दहा मिनिटांत लाल गाडी दारात! हेल्मेटवाले चार जण पाइप घेऊन धावत आले. वैशालीची इंग्रजी, जर्मन सगळी पळाली. दोन्ही हात आडवे करून ती ओरडली, "काही नही भाऊ, बठ्ठं ठीक शे!" 'सगळं ठीक आहे' हे त्यांना कळणार कसं?

त्यांनी पाणी मारलंच. वांगी अर्धी कच्ची, आम्ही पूर्ण ओल्या, वर हॉस्टेलची नोटीस.

रात्री हे सगळं आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. नाना नेहमीसारखे कॅमेऱ्याच्या मागे. त्यांची फक्त टोपी दिसत होती. आई रडायच्या बेतात, आणि टोपीतून आवाज आला, "तुझ्या पोरीले सांग, काड्या वल्या असतीन. कोरड्या असत्या तं धूर झाला नसता."

चला, सल्ला तरी आला! पण तोही आईमार्फतच.

*

मग आखाजी जवळ आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि लेक आपली आपण येत नसते. माहेरचं कोणीतरी जाऊन तिला घेऊन येतं.

मला नेमकी त्याच आठवड्यात सुट्टी मिळत होती. आईला म्हटलं, "येते गं मी, काढते तिकीट."

पुढचं आईनेच व्हिडिओ कॉलवर सांगितलं. चार दिवसांनी घरी पोलीस! अक्का घाबरून मागच्या दाराने शेजारी. पोलीस आले होते पासपोर्टच्या चौकशीला. नानांच्या पासपोर्टच्या! बोदवडच्या पुढे कधी पाऊल न टाकणाऱ्या माणसाने कुणालाही न सांगता अर्ज केला होता.

"नाना, जर्मनीत काय काम काढलं?" पोलिसाने विचारलं.

"आखाजी हाये. पोरीले घ्यायले जावाचं."

"अहो, ती येईल की विमानात बसून एकटी!"

"येईन. पन घ्यायले कोनी गेलं नही अशी पोरगी आमच्या घरात आजून आली नही."

आई मध्ये पडली, "अहो, ती काय सासरी गेलीये का?"

"लांब तं गेली ना!"

हे ऐकून मला हसू आवरेना, आणि डोळेही. तेवढ्यात आईच्या हातातला फोन हलला, टोपी पुढे आली, टोपीखाली नाना दिसले. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होते.

"काय वं," नाना म्हणाले, "तुझ्या त्या गावात मोटारसायकल भाड्यानं भेटते का?"