आमच्या घरात बाईला भूक लागत नसे

गंगेवर, म्हणजे नाशकात गोदावरीच्या घाटावर, वहिनीचा दहावा होता. पानावर ठेवायला तिच्या आवडीचं काय आणलंय, असं गुरुजींनी विचारलं आणि आमचं सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो… अठरा वर्षं तिच्या हातचं जेवला, पण त्याला सांगता येईना. तिच्या मुलीलाही येईना. शेवटी दादा म्हणाला, “तिला काहीही चालायचं.” मग प्रवचनाला आलेल्या बुवांनी तेच धरलं आणि या माउलीला कशाची हाव नव्हती, हे तासभर आळवलं. बायका डोळे पुसत होत्या. माझं मात्र टाळकं सरकलं होतं. महिना होऊन गेला, अजून ताळ्यावर आलेलं नाही. अहो, ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हिच्या अंगात रक्तच नाही, ही बाई जेवत होती की नाही? ते बुवांना कोणी सांगितलं नाही.

सिंधूवहिनी एकाहत्तर साली आमच्या मखमलाबादच्या मळ्यात लग्न होऊन आली, तेव्हा मी नववीत होते. घर भाजीपाल्यावर चालायचं. आमच्याकडे एक रीत होती, बाजारात जायची पाटी उष्टी करायची नाही. चांगलं ते सगळं नाशकात जायचं, किडकं-वाकडं घरात शिजायचं; आणि तेही आधी पुरुष, मग पोरं, मग आई, आणि भांड्याला जे चिकटलं असेल ते वहिनी. मी लेक, म्हणून पोरांच्या पंगतीला बसत होते. तिच्या ताटात काय पडतं हे बघायचं मला कधी सुचलंच नाही, ते आज कबूल करते. तिला चौथा महिना होता. सकाळपासून काकड्या तोडत होती, आणि बांधावर टेकून तिनं पाटीतली एक काकडी खाल्ली. आईनं बघितलं. “काय बाई वखवखलेली पोर आणली!” आई एवढंच बोलली, पण मळ्यातल्या चार बायकांसमोर. त्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर वहिनीनं तोंड हलवलं की कोणीतरी तो शब्द काढायचाच.

या शब्दाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दादा मळ्यातून आला की त्याला भूक लागलेली असायची. पोर रडलं की ते भुकेजलेलं असायचं. दारातला बैलसुद्धा उपाशी असायचा, त्याची दया यायची. वखवख सुटायची ती एकट्या वहिनीला. पोट तेच, आग तीच. पण बाईच्या पोटातली म्हटली की तिला असं नाव द्यायचं की तिनं पुन्हा मान वर करू नये. आणि हे काही अन्नापुरतं राहिलं नाही. वहिनी आठवीपर्यंत शिकलेली होती. त्र्याऐंशी साली मी तिला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला. तिनं तो भरलाही, टपोऱ्या अक्षरात. दादानं वाचला आणि ओटीवरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आता हिला शिकायची वखवख सुटली!” त्याच वर्षी त्याला स्वतःला सोसायटीचं चेअरमन व्हायचं होतं. त्याला मात्र सगळे जिद्द म्हणत होते. फॉर्म गेला नाही. मी मूग गिळून बसले, आणि याची मला आजही लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला, म्हणून ती मनमाडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आली. आल्यापासून सगळ्यांना वाढून उभी. तिसऱ्या दिवशी आमचे हे ड्यूटीवर, पोरं शाळेत. मला जरा उभं राहता येत होतं. मी तिला हाताला धरून खाली बसवलं, भरीत आणि गरम भाकरी पुढ्यात ठेवली. ती दाराकडे बघत होती. मी म्हटलं, “वहिनी, कोणी येत नाही. जेव.” पहिली भाकरी तिनं मान खाली घालून खाल्ली, दुसरी सावकाश. मी ताट उचलायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

“वन्सं, अजून एक वाढा. मला भूक हाय.”

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. भरीत तिला आवडायचं की भुकेपोटी गोड लागलं, हे मलाही माहीत नाही. म्हणून तर मी गंगेवर गप्प राहिले. हात धुताना ती हळूच म्हणाली, “घरी नका सांगू हां.” मी नाही सांगणार म्हणून शब्द दिला होता… तो आज मोडते. दादा, पेपर तू रोज वाचतोस. हे वाच. तिनं तीन भाकरी खाल्ल्या. तिला भूक होती.