साडेसहा ओहम

जेवण झालंय. मिरजेतल्या आमच्या गॅरेजमध्ये डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या गाडीखाली पुठ्ठा टाकून मी पडलोय. मीटरच्या दोन्ही पिना छातीवर ठेवल्यात. वर पत्रा उन्हानं तडतडतोय. डोळे मिटतायत, मी मिटू देतो.

"भालू, रीडिंग किती आलं?"

दस्तगीरभाई शेजारी उताणे पडलेत. बावीस वर्षं हे गॅरेज आम्ही दोघांनी चालवलं. ते जाऊन अकरा दिवस झाले, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी सरकून मी त्यांना जागा देतो.

त्या दिवशीही मी याच गाडीखाली होतो. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला तापवणारा छोटा हीटर तपासत होतो. बाहेरून त्यांची हाक आली. "थांबा, रीडिंग घेतो," म्हणालो. घेतलं. मग बाहेर आलो तर ते फरशीवर पडलेले.

"साडेसहा ओहम," मी सांगतो.

"मग हीटर शाबूत आहे की."

"व्हय."

"त्याच्यापर्यंत बारा व्होल्ट पोचतायत का?"

"ते बघायचं राहिलं."

"चल मग. वायर धर, मागं मागं जाऊ."

वायर गाडीखालून निघते ती दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात. भिंतीच्या कडेनं गेलीय. बाकावर झुलेखाभाभी मटार सोलत बसल्यात. त्या नवऱ्याकडे बघत नाहीत, माझ्याकडेही नाही. पुढं फरशी ओली होते आणि आम्ही कृष्णेच्या पाण्यात चालतोय, गुडघ्याएवढ्या. पाणी गार असणार. मला कळत नाही. दस्तगीरभाईंनी पायजमा वर खोचलाय, वायर बोटांतून सोडत ते पुढं चाललेत.

"तुम्ही किती हाका मारल्या होत्या?" मी विचारतो.

"एकच."

"दुसरी का नाही मारली?"

"तू रीडिंग घेत होतास. मध्येच बोललं की तुझा आकडा चुकतो."

ते हे अगदी सहज सांगतात, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. आता आपण रडू, असं मला वाटतं. मी वाट बघतो. काही येत नाही.

वायर संपते. ते वाकून पाण्यात हात घालतात, चाचपडतात, काहीतरी उपसून माझ्या तळहातावर ठेवतात. माझी बोटं एकेक करून मिटवतात. त्यांचा हात नेहमीसारखा खरखरीत आहे.

"गाडी देऊन टाक आता डॉक्टरीणबाईंची. त्यांची अडचण होत असेल."

"दस्तगीरभाई—"

"घट्ट धर."

जाग येते. चाकापलीकडं ऊन सरकलंय. गाडीचं दार उघडं आहे, स्टिअरिंगखालचं फ्यूजबॉक्सचं झाकण पायाशी पडलंय. मी कधी उठलो, कधी परत येऊन पडलो, आठवत नाही.

मूठ उघडतो. आत हीटरचा दहा अँपिअरचा लाल फ्यूज, मधली तार वितळलेली. दोन्ही पाती तळव्यात रुतून बसलीत, एका ठिकाणी रक्त आलंय.

दुखतंय. अकरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखतंय.