माझ्या आवाजाला उघडलेलं दार

नागपूरच्या रामदासपेठेतल्या ज्या लॉजमध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली, त्याच्या पाटीवर ‘हॉटेल’ असं लिहिलेलं होतं. पण तिथे हौसेने राहायला कोणी येत नसे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने. पेशंट तिकडे आणि त्याची माणसं आमच्याकडे, असा सगळा कारभार. वीस खोल्यांची देखरेख माझ्याकडे होती. सफाई करणाऱ्या दोन बायका, धोब्याकडे जाणाऱ्या चादरी, आणि रोज सकाळी अकरानंतर प्रत्येक खोलीत माझी एक फेरी. नळ गळतो का, गिझर चालू राहिला का, कोणी चोरून शेगडी लावून खिचडी शिजवतंय का, सामान जागच्या जागी आहे का. या फेरीला आम्ही ‘चेकिंग’ म्हणायचो. राग माझ्या नाकावर, त्यामुळे जिन्यात माझा आवाज आला की शेगड्या आपोआप पलंगाखाली जायच्या.

मला त्या फेरीचा गर्वच होता म्हणा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी मी खोलीवरून माणसाची करायचे. खिडकीत रुमालात बांधलेली भाकरी दिसली की समजायचं, पेशंटला आज जेवायची परवानगी मिळाली. कचऱ्याच्या डब्यात औषधांची रिकामी पाकिटं दिसायची अचानक बंद झाली, की मी सफाईवाल्या बायकांना त्या मजल्यावर हळू बोलायला सांगायचे. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाहुण्याची झाकली मूठ सव्वा लाखाची. खोलीत दिसलं ते खोलीतच ठेवायचं." मी ठेवलं. कोणाच्या उशीखाली काय सापडलं हे मी घरी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही.

पण खाली काउंटरशेजारी एक पांढरा बोर्ड होता. त्यावर खोलीचा नंबर आणि त्यासमोर गावाचं नाव. २०३ हिंगणघाट, २०४ उमरेड, असं. आमच्याकडे येणाऱ्यांना कोणी नावाने विचारतच नसे. सकाळच्या पहिल्या बसने डबा घेऊन आलेला माणूस दारातूनच ओरडायचा, "उमरेडवाले कोणत्या खोलीत हायेत जी?" काउंटरवरचे काका बोर्डाकडे बोट दाखवायचे. दवाखान्यातून निरोप घेऊन कोणी धावत आला तरी तेच. गल्लीतल्या बहुतेक लॉजमध्ये असा बोर्ड होता. यात काही चुकतंय असं माझ्या मनात कधी आलं नाही. उलट किती सोयीचं आहे, असंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, एकटी, हातात एक बॅग. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पण आमच्याकडे मे महिन्यात कोणती बाई तोंड उघडं ठेवून फिरते? आई दवाखान्यात आहे म्हणाली. तिला २०७ दिली.

दुसऱ्या दिवशी चेकिंगला गेले तर खिडकीखालचं लाकडी टेबल दाराशी आणलेलं. नव्या फरशीवर चार पांढरे ओरखडे. मी टेबल ढकलत परत खिडकीखाली नेलं. मला दार उघडून ती बाजूला उभी होती, तिच्यावर मी सुरू झाले.

"टेबल काहून सरकवलं वं? फरशी खराब होऊन राह्यली."

"चुकलं मावशी," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी टेबल पुन्हा दाराशी. या वेळी ओरखडे नव्हते, कारण तिने पायांखाली आमचाच टॉवेल घडी करून घातला होता. माझा पारा आणखी चढला. लॉजचा टॉवेल म्हणजे काय पोछा आहे का, असं मी तिला खडसावलं आणि टेबल पुन्हा जागेवर नेलं. चौथ्या दिवशीही तेच. ती माझ्याकडे पाहत उभी राहायची आणि मी टेबल नेत असताना मदतीला एक हात लावायची.

बाकीचंही मला दिसत होतं. पलंगावरची चादर मोडलेली नसायची आणि उशी दाराजवळ फरशीवर असायची. मी म्हटलं, उकाडा आहे, थंड फरशीवर झोपत असेल. दवाखान्याची फाइल नाही, थर्मास नाही, डबा नाही. उशीची खोळ बदलताना आत लपवलेला, बंद करून ठेवलेला मोबाइल सापडला. तेव्हा मात्र माझी खात्री पटली. आई-बिई कोणी नाही, ही कोणाची तरी वाट बघत बसली आहे. आणि ज्याची वाट बघतेय तो काही हिचा नवरा नाही. मी तोंडाने काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून तिला प्यायच्या पाण्याचा जग द्यायचा तो मी दारातच ठेवू लागले.

पाचव्या दिवशी खाली आले आणि बोर्डाकडे लक्ष गेलं. २०७ समोरची जागा कोरी होती. मला असलं अर्धवट काम सहन होत नाही. काका चहा प्यायला गेले होते. मी रजिस्टर उघडलं, तिच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर गाव पाहिलं आणि बोर्डावर ठळक अक्षरात लिहिलं : काटोल. आल्या दिवशीच तिने काकांना हात जोडून सांगितलं होतं, की माझं गाव तिथे लिहू नका. काकांनी ऐकलं, पण कारण विचारलं नाही आणि मलाही सांगितलं नाही. हे मला नंतर कळलं.

त्याच दुपारी दोनच्या सुमारास काका मागे जेवायला बसले होते आणि काउंटरवर मी होते. एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, हातात कापडी पिशवीत तीन पुडाचा स्टीलचा डबा. त्याने आधी बोर्ड पाहिला. मग मला नमस्कार केला.

"काटोलवाली आमची बहीण २०७ मंधी हाय ना जी? डबा आणला तिच्यासाठी."

आज विचार केला की सगळं स्पष्ट दिसतं. काटोलच्या बाईला नागपूरचा कोणता भाग माहीत असणार? दवाखान्यांचाच. त्याला फक्त लॉजमागून लॉज बोर्ड वाचत यायचं होतं. पण तेव्हा तो डबा पाहून मला बरं वाटलं. उगाच एका पोरीबद्दल वाईट विचार केला, तिला तर भाऊ आहे, घरचं जेवण येतंय, असं वाटून मी मनातल्या मनात खजील झाले. आणि ती चूक भरून काढावी म्हणून त्याला नुसता नंबर सांगून थांबले नाही.

"चला," मी म्हटलं, "ती दार लवकर उघडत नाही. मी येते संगं."

मी नेहमीसारखं दोनदा दार वाजवलं. आतून बारीक आवाज आला, "कोण?"

"मी हाय वं. उघड."

टेबल ओढल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला. मग दार उघडलं. तिने मला पाहिलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा ती थोडी हसली. मग तिची नजर माझ्या खांद्यामागे गेली. तिने दार लोटायचा प्रयत्न केला, पण त्याचा पाय आधीच चौकटीत होता. त्याने डबा माझ्या हातात दिला, शांतपणे, घरात पाहुणे आल्यावर देतात तसा. आत गेला आणि कडी लावली.

डबा हलका होता. मी वरचं झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

आत काहीतरी पडलं. ती ओरडली नाही. माझ्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली होती, पण आतून कडी असली की त्या किल्लीचा काय उपयोग? मी दोन्ही हातांनी दार बडवलं. काका खरकट्या हातानेच धावत आले, मग मालक आले. तेव्हा कुठे त्याने दार उघडलं.

ती पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसली होती. ओठ फुटला होता. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं.

"बायको हाय माझी," तो म्हणाला आणि मोबाइलमधला लग्नाचा फोटो मालकांसमोर धरला. "घरी न सांगता आली. घरचा मामला हाय जी, तुमाले तकलीफ झाली, माफ करा."

मी मालकांना म्हटलं, पोलिसांना फोन लावते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरोघरी मातीच्या चुली असतात बाई. बाकीच्या खोल्यांत पेशंटवाले लोक हायेत. इथं तमाशा नको." मग ते तिच्याकडे वळले आणि नवरा शेजारी उभा असताना तिला विचारलं, "तुम्हाले जायचं हाय ना यांच्यासोबत?"

ती खाली बघत हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

मी, फरशीवरच्या ओरखड्यासाठी तोंडाचा पट्टा सोडणारी बाई, एक शब्द बोलले नाही. मालक म्हणाले, यांचं सामान भरून द्या, म्हणून मी तिचं सामान भरायला बसले. तिचं मनगट हलत नव्हतं. तो दारात उभा राहून बघत होता. मी एक एक कपडा घडी करत होते आणि ती माझ्या अगदी जवळ बसली होती. मी ओठ न हलवता विचारलं, "काहून नाही सांगितलं वं मले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो सोसला असता. तिला खरोखर नवल वाटत होतं.

"तुमी रोज खोली पाहून जात होत्या ना मावशी," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले समजलंच असन."

बॅगेची चेन तिच्या एका हाताने लागत नव्हती. ती मीच लावली.

तिने तोंडाला ओढणी गुंडाळली आणि ती त्याच्या मागोमाग जिना उतरली. रस्त्यावर त्या दोघांकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नसेल. त्याचा डबा काकांनी धावत जाऊन ऑटोत नेऊन दिला.

पाच वाजता, निघायच्या आधी, मी मालकांच्या खोलीत गेले. म्हटलं, रजिस्टरमधला तिचा पूर्ण पत्ता घेऊ द्या, मी काटोलच्या पोलिसांना कळवते, नाहीतर बायकांच्या मदतीचा जो नंबर असतो त्यावर सांगते. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पाहुण्याची माहिती आपण बाहेर देत नाही. तुम्हाले तर माहीतच हाय."

मी भांडू शकले असते. आयुष्यभर कमी भांडले का मी? पण मी ‘बरं’ म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. प्रयत्न केला, जमला नाही, असं मला आता स्वतःला सांगता येणार होतं. मी पर्स घेतली, नेहमीच्या बसने घरी गेले, भात टाकला. नवऱ्याने विचारलं, आज एवढी गप्प का? मी म्हटलं, खोलीत दिसलं ते खोलीत ठेवायचं असतं.

ती जिवंत आहे का, हे मला माहीत नाही. काटोल काही फार लांब नाही. दोन वर्षांत मी एकदाही गेले नाही.