दिवसा उघडं लटकणारं कुलूप

ती घटना विसरलो असं म्हणालो तर घरचे हसतील. त्या एका कुलपाशी मी नऊ दिवस भांडलो आहे, आणि इतका वेळ मी बायकोशीही कधी भांडलो नाही.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या पोलीस थान्यात उपनिरीक्षक होतो. तिगाव रस्त्यावर एका शेतकरी गटाचं गोदाम होतं. दसरा होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी पंपाच्या सहा नव्या मोटारी आल्या, गोदामात ठेवल्या, कुलूप लागलं. सकाळी राखणदाराने कुलूप उघडलं तर मोटारी गायब. कुलूप जसंच्या तसं, दाराला ओरखडा नाही, कडी शाबूत, मागची भिंत पक्की.

कुलूप साधं नव्हतं. गटाने नागपूरहून मुद्दाम आणलं होतं. जाड पोलादी कडं, हातात घेतलं तर मनगट खाली जावं असं वजन. ते आलं तसा रात्रीचा चौकीदारही बंद केला होता. एवढ्या भारी कुलपावर माणूस कशाला! त्याच्या दोन चाब्या. एक अध्यक्षांच्या घरी लाखेने बंद केलेल्या पाकिटात, आणि लाख तुटलेली नव्हती. दुसरी दिवसाच्या राखणदाराच्या करदोड्याला गाठ मारून बांधलेली. पासष्टीचा म्हातारा. आंघोळीलासुद्धा ती चाबी सोडत नसे.

झालं! चाबी याच्या कमरेला, मग चोर दुसरा कोण? सगळ्यांत मोठ्याने हे गटाचा सचिव म्हणत होता. धुतलेले कपडे, गोड बोलणं, थान्यात आला की सगळ्यांसाठी चहा सांगणारा माणूस.

म्हाताऱ्याने माझ्यासमोर करदोड्याची गाठ सोडून चाबी टेबलावर ठेवली. म्हणाला, "साहेब, मले जेलात टाका, पन चोर म्हनू नोका. जामसांवलीले चाला, हनुमानाच्या पायावर हात ठेवून सांगतो."

"बाबाजी, शपथ केस डायरीत लिहिता येत नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मीही त्याला चोरच समजत होतो. गावात दुकानदार त्याला उधार सोडा, रोखीनेही माल देईनासे झाले होते. पहिले काही दिवस आम्ही त्याला चौकशीला बसवून संध्याकाळी घरी सोडायचो. त्याची बायको रोज डबा घेऊन थान्याच्या पायरीवर बसायची, आणि डबा तसाच परत न्यायची. वरिष्ठ म्हणत होते, अटक दाखवा आणि मोकळे व्हा. मी दहा दिवस मागून घेतले.

का मागितले? कारण एका मुखबिराने खबर आणली होती की सौंसरच्या बस स्टँडवर एक चाबीवाला मिस्त्री बसतो, तो कुठलंही कुलूप तारेने उघडतो. आम्ही त्याला उचलून आणलं. मी दोन तास दरडावलं. त्याने शांतपणे ऐकलं, कुलूप हातात घेऊन फिरवलं आणि हसला.

"साहेब, हे मले उघडता आलं असतं तं म्या बस स्टँडवर छत्रीखाली बसलो असतो काय? पन एक काम करा. असंच दुसरं आना. मी करून पाहतो, तुमीबी पाहा. मंग बोला."

त्याच्या बोलण्यात दम होता. पांढुर्ण्यात तसं कुलूप मिळालं नाही. सौंसरच्या एका दुकानात मिळालं. आणि थान्याच्या व्हरांड्यात माझी शाळा सुरू झाली. ज्याला आरोपी म्हणून आणलं, तोच माझा मास्तर!

पहिले तीन दिवस कुलूप हललंही नाही. एका हाताने वाकवलेली पट्टी फिरवायची, दुसऱ्या हाताने आतल्या खिळ्या एकेक उचलायच्या. मी पट्टीवर असा जोर लावायचो की कपाळावर घाम यायचा. "जोर लय लावून राहिले साहेब," मिस्त्री म्हणायचा. "खिळ्या दाबल्या जाऊन राहिल्या. बोटाने तेवढंच दाबा जेवढं पिकला संत्रा पाहता." संत्र्याच्या गावचा माणूस मी, ते एका फटक्यात कळलं.

चौथ्या दिवशी कुलूप केसभर फिरलं. मी ओरडलोच, "उघडलं!" कुठलं उघडतंय! तिथेच अडकून बसलं. मिस्त्रीने सांगितलं, काही खिळ्या मध्ये बारीक असतात, डमरूसारख्या. त्या फिरल्यासारखं दाखवतात आणि फसवतात. तिथे जोर वाढवला की संपलं. उलट हात जरा ढिला करायचा, एखादी खिळी खाली पडू द्यायची आणि ती पुन्हा उचलायची. पोलिसाला हात ढिला करायला सांगणं म्हणजे बैलाला झाडावर चढवणं.

सहाव्या दिवशी थान्याची लिखापढी करणाऱ्या आमच्या मुन्शीने माझी दया येऊन कुलपात शेंगदाण्याचं तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी आत चिकट लगदा. मिस्त्रीने त्याचा उद्धार केला, पेट्रोलने सगळं धुतलं आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकली. हात भरून यायचा म्हणून कुलूप टेबलावरच्या शिकंज्यात आवळून धरलं. आठव्या दिवशी दुपारी खट्ट झालं आणि कडं वर आलं. सगळा थाना जमा झाला. मी लहान पोरासारखा नाचायचाच बाकी होतो.

पण तो आनंद टिकला नाही. तेच कुलूप चाबी फिरवून दाराच्या कडीत लावलं, तर तसं लटकतं उघडताना माझं सोडाच, मिस्त्रीनेही दिवसभर खटपट करून हात टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भिंगातून दोन्ही कुलपं पाहिली. आमच्या कुलपात पितळेवर चमकणाऱ्या रेघाच रेघा. गोदामाच्या कुलपात एकही नाही. "साहेब, याले तारच लागली नाही. हे चाबीनेच उघडलं."

म्हणजे मी नऊ दिवस घाम गाळला तो म्हाताऱ्याला आणखी खोल ढकलायला! त्या दुपारी माझं डोकं फिरलं होतं. कुलूप उचलून नाल्यात फेकावं असं वाटलं.

जेवायला जाताना मी मुन्शीला म्हणालो, आपलं सरावाचं कुलूप लावून कपाट बंद करून घे. परत आलो, सरावाच्या कुलपाची चाबी खिशातून काढली, कपाटाच्या कुलपात घातली. फिरेना. थोडं शिसं टाकलं. फिरेना. चाबी पुसली, कुलूप आपटलं, मिस्त्रीला शिव्या दिल्या, तेलाबद्दल मुन्शीला दिल्या. अर्धा तास गेल्यावर मुन्शी घाबरत म्हणाला,

"साहेब, ते दुसरं कुलूप हाय. टेबलावरचं होतं ते लावलं म्या. गोदामाचं."

"अरे, मुद्देमालाचं कुलूप कपाटाला लावतोस? आणि त्याची चाबी तर मालखान्यात आहे. चाबीशिवाय लावलंस कसं?"

"चाबी कायले पायजे साहेब? दाबलं अन् लागलं."

मी खुर्चीतून उठलो. जीप काढली ती थेट म्हाताऱ्याच्या घरी.

"बाबाजी, दिवसा कुलूप कुठे असतं?"

"कडीतच लटकून राहते साहेब, उघडं. सकाळी एक वेळ चाबी लावतो. संध्याकाळी दाबून देतो. कमरेची गाठ दोनदा कोन सोडते?"

त्याने चाबी इतकी जिवापाड जपली की कुलूप दिवसभर बेवारशी लटकत राहिलं. कुणीतरी दिवसा ते काढून तसंच दिसणारं दुसरं लटकवलं. म्हाताऱ्याने संध्याकाळी ते दाबलं. चोराने रात्री आपल्या चाबीने उघडलं, माल नेला आणि जाताना खरं कुलूप दाबून गेला. सकाळी म्हाताऱ्याची चाबी बरोबर लागली.

आता पुरावा. गोदामाच्या कुलपाला दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं. आमच्या पंचनाम्याच्या फोटोत ते ठळक दिसत होतं. मोटारी आल्या त्या संध्याकाळी गटाने बंद दारासमोर उभं राहून फोटो काढला होता आणि मोबाईलवर सगळ्यांना पाठवला होता. मी तो मोठा करून पाहिला. दाराला लटकलेलं कुलूप स्वच्छ, कोरं, कुंकवाचा ठिपकाही नाही. आणि त्याच्या शेजारी छाती फुगवून उभा होता सचिव!

सौंसरच्या त्याच दुकानात गेलो. मालक म्हणाला, "अशी दोनच विकली. एक तुम्हीच नेलं साहेब." दुसरं नेणाऱ्याचं नाव हमीच्या वहीत लिहिलेलं होतं: सचिवाचं. पठ्ठ्याने हमी पक्की राहावी म्हणून स्वतःचंच नाव दिलं होतं.

सचिवाला बोलावलं. या वेळी चहा मी सांगितला. विचारलं, "त्या संध्याकाळी कुलूप नीट लागलं होतं?"

"मी स्वतः ओढून पाहिलं साहेब, दोनदा."

"मग हे कुंकू कुठे गेलं होतं?" मी दोन्ही फोटो पुढे सरकवले आणि वर दुकानाच्या वहीची नक्कल ठेवली. कप त्याच्या हातातच राहिला. मग म्हणाला, "मोटारी साळ्याच्या संत्र्याच्या बागेत हायेत."

सहाही मोटारी सौंसरजवळच्या त्याच्या मेहुण्याच्या बागेतल्या खोलीत मिळाल्या. आणि खोलीच्या दाराला लटकत होतं सचिवाने घेतलेलं तेच कुलूप! एवढं महागाचं फेकवेना त्याला. मला वाटलं होतं, पंचांसमोर आपली कला दाखवू. पण सचिवाच्या गुच्छातलीच चाबी लागली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही सगळे कुलूप उघडलं कसं याच्याच मागे होतो. ते लावतात कसं, हे ज्याला माहीत होतं त्याला आम्ही एकदाही नीट विचारलं नाही, कारण तो आरोपी होता. आरोपीकडून आपल्याला फक्त कबुली हवी असते.

म्हाताऱ्याला ही बातमी द्यायला मी स्वतः गेलो. तो ओट्यावर बसून रडायला लागला. बायको मात्र उभीच राहिली. म्हणाली, "आमाले काय सांगता साहेब? मले पहिल्या दिवसापासून मालूम होतं. गावाले सांगा न."

बरोबर होतं तिचं. मी म्हाताऱ्याला जीपमध्ये पुढे, माझ्या जागेवर बसवलं. बाई मागे बसली, मीही मागेच, मुन्शीशेजारी. बाजाराच्या दिवशी गर्दी हटवायला आम्ही जो भोंगा वापरायचो तो हातात घेतला आणि भर दुपारी, सगळी दुकानं उघडी असताना, गल्लीगल्लीतून त्याचं पूर्ण नाव घेत सांगत गेलो: "हा माणूस चोर नाही. याला चोर समजलो ती चूक माझी होती." लोक दुकानांतून बाहेर आले. पहिल्या गल्लीत म्हातारा मान खाली घालून बसला होता. तिसऱ्या गल्लीत त्याने मान वर केली. बाजारचौकात पोचलो तेव्हा तो मागे वळून मला म्हणाला, "साहेब, इथं जीप जरा हळू घ्या. इथं लय लोक हायेत."

आम्ही चौकाला तीन फेऱ्या मारल्या.