जित्या नवऱ्याची विधवा

शहाजादीभाभीकडं शिवण शिकलेली एकतरी बाई नाही, अशी गल्ली कोल्हापुरात सापडायची नाही. बाई कडक शिस्तीची. टाका वाकडा दिसला की उसवायला लावणार, मग समोर सून असो की सासू. हा शिवणवर्ग ज्या संस्थेचा, तिनं भाभीला विश्वस्तही करून घेतलं होतं. मीटिंगला चहा यायचा, अध्यक्ष वर्षाराणीताई भराभर ठराव वाचायच्या आणि भाभी हात वर करायची. भल्या कामात प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, ही आपल्याकडची जुनी खुळी समजूत. तीच भाभीचीही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी वर्गाला नव्या मशिनी देऊ केल्या. त्या कार्यक्रमाला भाभी नवऱ्याला, रशीदला, सोबत घेऊन गेली. पडद्यावर संस्थेची फिल्म सुरू झाली आणि भाभीचा रडवेला चेहरा झळकला. अरे, हे रडणं तर लेकीच्या, नुजहतच्या पाठवणीचं, लग्नाच्या व्हिडिओतलं! मागून आवाज सांगत होता, "नवरा गेला, चूल विझली, तेव्हा संस्थेनं हात दिला."

भाभीच्या पायाखालची जमीनच सरकली. शेजारी रशीद भजी खाऊन बोटं पुसत होता. तो एवढंच म्हणाला, "मी कवा मेलो गं?"

भाभी तडक ताईंकडं गेली. "ताई, ह्ये काय हाय?"

"फिल्मचा ठराव, गोष्टीसकट, तुमच्यासमोरच झाला की," ताई थंडपणे म्हणाल्या. "हात वर केलासा तुम्हीच. आता तोंड उघडलासा तर मशिनी गेल्या म्हणून समजा."

हा घाव पहिल्यापेक्षा खोल बसला. काय वाचलं गेलं ते न ऐकता तिनं स्वतःच्या हातानं नवरा मारला होता! आणि मशिनी? वर्गात एकेका मशिनीसाठी बायका ताटकळत बसतात. गप्प बसावं, असं भाभीला वाटलंही. खोटं कशाला सांगा. पण रशीद अजून पडद्याकडंच बघत होता. तिनं त्याचं मनगट धरलं आणि स्टेज गाठलं.

"सायेब, हे माझे मालक. जित्ते हायत. फिल्म खोटी हाय. आन् मीबी विश्वस्त हाय, जाब मलाबी इचारा."

फौंड्रीच्या मालकांचा चेहरा उतरला. "मग खरी विधवा एकसुद्धा नाही काय तुमच्याकडं?"

"हाय की." मागच्या रांगेतून वर्गातली नीलम्मा उठली. "माझंबी शूटिंग केलंतं, सायेब. पर ताई म्हणाल्या, तू लई हसतीस, बघणाऱ्याला दया यायची न्हाय."