खिडकीमागचा गडी

चहा आधीच ओता बाबांनो. माझी ही फजिती ऐकून झाल्यावर तुम्ही मला चहा द्याल याची काही खात्री नाही.

माझ्या अंगात दोन कला आहेत. पहिली, गाऱ्हाणं घालायची. आमच्याकडे कोणाची नवी होडी पाण्यात उतरो, दुकान उघडो, नाहीतर कोणी हप्त्यावर स्कूटर आणो, आधी देवाला गाऱ्हाणं. एकाने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. आणि एकदा सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं की ते मागणं परत घेता येत नाही. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. तीस वर्षं माइकवर गाड्या पुकारल्या. त्यामुळे मालवणापासून धामापूरपर्यंत वासूकाकाच्या गाऱ्हाण्याला तोड नाही, असं लोक म्हणतात. बरं, मीही म्हणतो.

दुसरी कला, वर्गणीवाल्यांना परत पाठवायची!

हसू नका. आमच्या वाडीत आठवड्याला एक पावतीपुस्तक येतं. अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा, जत्रेतलं नाटक, कुठल्याशा मंडळाचं वर्धापन. माणसाने द्यायचं तरी किती? मी देत नाही तो भाग वेगळा. मी खिडकी लोटून घेतो आणि आतून आवाज बदलून सांगतो, मालक घरात नाहीत. कधी मी भाडेकरू असतो, कधी मुंबईचा मेव्हणा. एकदा तर मी माझीच सासू झालो होतो. शालन, म्हणजे आमची बायको, त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढाच आराम.

तर दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. बांगड्याची कढी आणि भात पोटात गेलेला, डोळे मिटत आलेले, आणि अंगणातून हाक आली.

"घरात कोण आसा काय?"

बारक्या पोरींचा-पोरांचा आवाज. मी म्हटलं, झालं! आता क्रिकेटवाल्यांनी पोरं पाठवायला सुरुवात केली.

"मालक घराक नाय हत. मुंबयक गेले हत," मी आतून घोगऱ्या आवाजात.

"मगे तुमी कोण?"

"मी? मी गडी."

आता शहाण्या पोरांनी इथून जावं की नाही? पण नाही! एक मुलगी म्हणते, "बरां, मगे तुमी तरी काय तां द्या. नायतर काम द्या. आमी रोझीसाठी..."

कोण रोझी, कुठली रोझी, मी ऐकूनच घेतलं नाही. "मी खंयसून देतलंय? चार म्हयने झाले, माका पगार नाय!"

मग ती मुलगी हळूच विचारते, "जेवाक तरी देतत?"

इथे थांबलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण एकदा पात्र अंगात शिरलं की मला आवरत नाही. मी म्हटलं, "पेज देतत. ती पण पातळ."

"निजतास खंय?"

"गोठ्यात."

आमच्याकडे गोठाच नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. त्यांच्याही आली नाही. बाहेर कुजबुज झाली आणि खिडकीच्या फटीतून एक छोटा हात आत आला. हातात चुरमुऱ्याचा लाडू आणि दहाची नोट!

आणि मी ती घेतली. हो, घेतली! असं बघू नका माझ्याकडे. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. लाडू मात्र बरा होता.

पुढे तीन आठवड्यांनी शाळेचे लॉरेन्स मास्तर माझ्याकडे आले. मागच्या दाराने आले. पुढच्या दाराने का आले नाहीत, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

"वासूकाका, सातवीच्या पोरांचो सत्कार करतंव. वर्गातल्या रोझीक आयकाक कमी येय. पोरांनी सुट्टीभर लोकांची आंगणां झाडली, झावळ्या उचलल्या, पर्यटकांच्ये गाडये धुतले आणि तेका कानाची मशीन घेवन दिली. तुमी गाऱ्हाणा घालूक होया."

"घालतंय की!" मी म्हटलं. सत्कार दुसऱ्याचा आणि माइक आपल्या हातात, यापेक्षा माणसाला काय हवं?

मास्तर उठता उठता म्हणाले, "आणि एक. उरलेल्या पैशांतून पोरां एका गड्याक मदत करतत. आपल्याच वाडीत आसा बिचारो. मालक पगार देणा नाय, पातळ पेज घालता, गोठ्यात निजवता. नाव घेवचा बरां दिसना नाय. पण गाऱ्हाण्यात त्या मालकाचा काय तां बघा."

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकूनही या माणसाच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? अहो, खिडकीमागे इतकी पात्रं रंगवलेली, कुठलं कधी केलं याचा हिशोब कोण ठेवतो? शिवाय मला मालक लगेच सापडला होता. शेजारचा दाजी! गेल्या वर्षी माझ्या आंब्याची फांदी त्याच्या कौलांवर येते म्हणून छाटणारा दाजी. दुसरा कोण असणार? मी मनात म्हटलं, थांब दाजी, देवासमोर तुझी साल काढतो.

मुलांचा सत्कार कसा असतो, तुम्हाला माहीत आहेच. सतरंज्या मुलांनी घालायच्या, खुर्च्या मुलांनी मांडायच्या, पाहुण्यांना पाणी मुलांनी द्यायचं, आणि मग पाहुण्यांनी त्यांना कष्टाचं महत्त्व सांगायचं. बॅनरवर मुलांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि आम्हा पाहुण्यांचे परातीएवढे. माझा फोटो जरा डावीकडे गेला होता, त्याबद्दल मी मास्तरांना बोललोही.

शाळेच्या अंगणात अख्खी वाडी लोटली होती. एवढी माणसं मुलांच्या कौतुकाला आली म्हणून मला भरून आलं. काय भाबडा माणूस मी! पहिल्या रांगेत दाजी बसलेला. शेजारी शालन. दोघंही माझ्याकडे बघून हसत होते. मी नारळ पुढ्यात ठेवला, माइक घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या पोरांनी जी काय चाकरी केली हा, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वाडीत जो कोण मालक आपल्या गड्याक चार चार म्हयने पगार देणा नाय..."

माझं वाक्य संपायच्या आत असा 'व्हय म्हाराजा' आला, की वडावरचे कावळे उडाले. सगळ्यात मोठा आवाज दाजीचा. मी मनात म्हटलं, काय निर्लज्ज माणूस आहे! मला आणखी चेव चढला.

"तेका ह्या सभेत उघडो पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हातात खराटो दी, आणि ह्या शाळेचा आंगण दर शनवारी तेच्याकडसून झाडून घे म्हाराजा! एक पैसो न देता!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

टाळ्या! गाऱ्हाण्याला कधी टाळ्या ऐकल्यात? मी नमस्कार करून ऐटीत खुर्चीत बसलो.

मग मास्तर माइकवर आले. माइकवर ते पुस्तकातलं मराठी बोलतात. "आता आपली विद्यार्थिनी सेजल, मुलांच्या वतीने त्या गड्यासाठी भेट देईल." दोन वेण्या घातलेली एक मुलगी स्टेजवर आली. हातात टॉवेल, नव्या चपला आणि गुळात घोळलेल्या खाजाचा पुडा. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, ह्यां तुमच्या गड्याक द्या."

"माझ्या? कोणाक?"

"तुमच्या घरातल्या. खिडकेमागल्या. चार म्हयने पगार नाय तेंका."

तो आवाज! तो छोटा हात! खाली बघितलं तर दाजी तोंडावर उपरणं धरून हलतोय. म्हणजे सगळ्या वाडीला माहीत होतं. माझ्याकडे गडी सोडा, गड्याची चप्पलही नाही, हे कोणाला ठाऊक नाही? माहीत नव्हतं ते फक्त या पोरांना. आणि मला.

आता तरी खरं सांगावं की नाही? पण तीस वर्षांची सवय. गाडी का येत नाही, हे लोकांना सांगायची!

"तो गावाक गेलो," मी म्हटलं. "वेंगुर्ल्याक. तेची आवस आजारी आसा."

नसलेल्या गड्याला मी आजारी आईसुद्धा दिली! सेजलचा चेहरा पडला. मग तिने मास्तरांच्या हातातला माइकच घेतला. "आयकलास? गड्याची आवस आजारी आसा! तिच्यासाठी पण जमवया!"

झालं! पोरं पत्र्याचा डबा घेऊन रांगांत शिरली. दाजीने शंभराची नोट टाकली. दाजीने! ती त्याने मला वाकुल्या दाखवत टाकली, पण टाकली. शालनने पर्स उघडली. बायका पदराच्या गाठी सोडायला लागल्या. माझं खोटं गावभर वर्गणी गोळा करत होतं, आणि मी स्टेजवर चपलांचा जोड मांडीवर घेऊन बसलो होतो.

तेवढ्यात रोझी उठली. कानामागे ती नवी मशीन. तिला सत्कारात नुकतंच एक पाकीट मिळालं होतं, ते तिने उघडूनही बघितलं नव्हतं. ते तिने तसंच्या तसं डब्यात टाकलं.

तिथे मात्र माझी लाज वाटली मला. खरी लाज. गंमत नव्हे. त्या पोरीला आता कुठे ऐकू यायला लागलं होतं, आणि तिने ऐकलेलं काय, तर माझं खोटं! मी उठलो, माइक घेतला. मग तोंडात नेहमी येतं तेच आलं.

"बा देवा म्हाराजा!"

मग दाजी एकटाच, हळू आवाजात, "व्हय म्हाराजा."

"तो गडी म्हणजे मीच म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे.

"खिडकेमागसून मीच बोललंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांचो लाडू पण मीच खाल्लंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती. सेजलने विचारलं, "मगे पगार देणा नाय तो मालक कोण?"

खालून शालन म्हणाली, "तो पण ह्योच बाये. आणि पातळ पेजेचा म्हणशीत, तर उद्यापासून ती खरीच मेळतली."

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. एकटी रोझी गंभीर. ती पुढे आली, मशीन कानात नीट बसवली आणि म्हणाली, "काका, परत एकदा म्हणा. आता माका सगळां आयकाक येता!"

काय करता? परत म्हटलं! पहिल्यापासून. लाडवासकट.

पैसे ज्याचे त्याला परत गेले. पोरांनी दिलेली दहाची नोट मात्र शालनने मला शंभराची करून परत द्यायला लावली. निघताना मास्तर अगदी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शनवारी शाळा साडेसातांक भरता काका. खराटो दाराआड आसा." मी हसलो. त्यांनाही हसू येईल असं वाटलं. नाही आलं. देवासमोर स्वतःच मागितलेलं, गावाने होकार दिलेलं. मागे कसं घेणार?

तुम्हाला आमच्या शाळेपुढचा तो वड माहीत आहे ना? पानं गाळण्यापलीकडे त्याला दुसरा उद्योग नाही. मी इकडून झाडत जातो, तो तिकडून टाकत येतो. सेजल पायरीवर उभी राहून कोपरे दाखवते. "काका, थंय ऱ्हवला." रोझी शेजारी उभी. माझा खराटा किती छान वाजतो, हे ती मला दर शनिवारी सांगते.

गेल्या शनिवारी कोणी तपासणीचे साहेब आले. मी घामाघूम, डोक्याला तोच टॉवेल, पायात त्याच चपला. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी? मी गडी."

"पगार किती मिळतो?"

"चार म्हयने झाले साहेब, अजून काय नाय."

साहेब हळहळले. आणि देवाशपथ सांगतो, या वेळी त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.