सायलेन्सरला चिकटलेली चप्पल

बायकोला माती देऊन आलेले पाहुणे परतले, अन् पोरगा म्हणाला, "अप्पा, गाडी इकून टाकू."

पोरगा लातूरला राहतो. मी मुखेडच्या अलीकडं आमच्या खेड्यात, आता एकटाच. गाडी घेतली तेव्हाच जुनी होती. पण हिची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दर आठवड्याला हिला नांदेडच्या दवाखान्यात डायलिसिसला मी त्याच गाडीतून नेलं. ही पुढं माझ्याशेजारी बसायची, पाय वर घेऊन, खिडकीला डोकं लावून. येताना बोलायची ताकद नसायची, तरी मी गिअर टाकताना आवाज केला की डोळे उघडून माझ्याकडं बघायची. ती जागा मी कोणाला इकू? इकायचं नाव काढलं की माझं डोस्कं फिरायचं.

त्यात गाडीला वास यायला लागला. रबर जळल्यासारखा. गावातून निघालं की काही न्हाई, फाट्याच्या पुढं गेलं, गाडी तापली, की यायचा. पोरगा एकदा सोबत आला, त्यानं नाकाला रुमालच लावला.

"पेटंल एखाद्या दिवशी, तुमच्यासकट. रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो."

"वास काढून दाखवला तर?"

"तर ठेवा. पण मिस्त्रीनं सांगायला पायजे, तुमच्या तोंडचं चालणार न्हाई."

माझी शाळा चौथीतच सुटली, पण ट्रॅक्टर आयुष्यभर हाकला. बॉनेट उघडून इंजिनाचा पट्टा मीच बघितला. हँडब्रेक ओढलेला राहतो का, तेही बघितलं. काही सापडलं न्हाई. शेवटी गाडी मुखेडला मिस्त्रीकडं नेली. तो माझ्याच वयाचा, तोंडानं फटकळ.

"या अप्पा. पोरानं घराबाहेर काढलं का काय?"

"मला न्हाई, गाडीला काढायलाय. वास यायलाय म्हणतो."

"वास तुझा असंल. आंघोळ कधी केली होती?"

माझी दाढी वाढलेली, सदरा मळलेला. ते बघून त्यानं चेष्टा सोडली अन् तो कामाला लागला. पट्टा दाबून बघितला, पिळून बघितला. कुठं चीर न्हाई. नळ्या चाचपल्या. मग मला गाडी चालवायला लावून स्वतः शेजारी बसला. तिच्या जागेवर. मला ते बघवलं न्हाई, मी समोर बघत राहिलो. लांब चक्कर मारून आलो, वास सुटला. उतरून त्यानं चारी चाकांजवळ हात नेला.

"चाकं गार हायत. ब्रेक अडकत न्हाई. क्लचचाही वास न्हाई हा. मागून यायलाय."

पोतं अंथरून, उजेडाला बॅटरी घेऊन तो मागून गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं आतून म्हणाला, "अप्पा, वाकता येतं का? बघ बरं हे."

सायलेन्सरला एक चप्पल चिकटली होती. टाचेकडून वितळलेली. पट्टा निळा.

नजर लागू नये म्हणून आमच्याकडं गाडीखाली जुनी चप्पल टांगतात. ट्रकवाले टांगतात, टमटमवाले टांगतात. नांदेडच्या खेपा सुरू झाल्या तेव्हा हिनं स्वतःची टांगली होती. मी हसलो होतो, "या डबड्याला कोण नजर लावतंय?"

"डबड्याला न्हाई, तुम्हाला लागंल. म्हातारीला शेजारी बसवून फिरवणारा गावात दुसरा कोण हाय?"

खाली बसून तिनं तारेनं बांधली. हातात जोर नव्हता, पीळ ढिला बसला. मी आवळायला गेलो तर म्हणाली, "मी बांधली, तुम्ही हात लावू नका. गुण जातो." मी हात लावला न्हाई. रस्त्याच्या धक्क्यांनी तार सुटत गेली अन् चप्पल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर जाऊन बसली.

"एवढंच," मिस्त्री म्हणाला, "खरवडून फेकली की झालं."

"फेकू नको."

"का? सोन्याची हाय?"

"हिची हाय."

खरवडायला घेतलेली लोखंडी पट्टी त्यानं बाजूला ठेवली. नळी गार होऊ दिली. मग हळूहळू सोडवून, फडक्यात धरून माझ्या हातात दिली. टाच गेली होती. पुढं बोटांचे खड्डे तेवढे राहिले होते. तिच्या बाकीच्या चपला, लुगडी, सगळं आम्ही वाटून टाकलं होतं. आमच्या समाजात मेलेल्या माणसाला जाळत न्हाईत, बसवून माती देतात. तिला आगीचा चटका लागला न्हाई, एवढं एक मनाला समाधान होतं. अन् इतके दिवस मी रस्त्यानं तिची चप्पल जाळीत फिरत होतो.

मिस्त्रीनं माझ्या फोनवरून पोराला सांगितलं, "गाडी पक्की हाय बाबा. तुझ्या आईची चप्पल होती सायलेन्सरला. काढली." अन् फोन माझ्याकडं दिला.

खड्डा खणण्यापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सगळं पोरानंच बघितलं होतं, रडायला त्याला सवडच मिळाली न्हाई. आता तो फोनवर रडत होता.

"गाडी ऱ्हाऊ द्या अप्पा."

"बरं."

तरी फोन कोणीच ठेवेना.

चप्पल मांडीवर घेऊन निघालो. फाटा ओलांडला, गाडी चांगली तापली. वास न्हाई. थांबवली, उतरलो, खाली वाकून हुंगलं. न्हाई. थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबवली, पुन्हा हुंगलं. मागून एक एष्टी आली, ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

"काय झालं काका? बंद पडली का?"

"न्हाई," म्हणलं, "दुरुस्त झाली."

अन् मला रडू फुटलं. एष्टी जाईना. आतले लोक बघायला लागले, तरी मला थांबता येईना.